राइल्स ट्यूब आणि तळमजल्यावरचं ग्रंथालय

हॉस्पिटलमध्ये नर्स म्हणून रुजू झाले त्या दिवशी माझ्या हातात एक फॉर्म होता आणि त्यावर नऊ विभागांच्या सह्या घ्यायच्या होत्या. लिनन, फार्मसी, लॅब, मेडिकल रेकॉर्ड असं करत करत आठव्या नंबरला ‘ग्रंथालय’. तळमजल्याच्या टोकाला. तिथे पोचेपर्यंत पाय भरून आले होते. ग्रंथपाल मॅडमनी सही केली, लॉगिन आणि पासवर्ड लिहिलेली एक चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, “सिस्टर, हे सगळ्यांसाठी आहे बरं का, नुसतं डॉक्टरांसाठी नाही. काही अडलं की या.” मी हो म्हटलं आणि चिठ्ठी आयकार्डच्या पाकिटात मागच्या बाजूला सरकवली. तीन आठवडे ती तिथेच होती. खरं सांगायचं तर ‘सगळ्यांसाठी’ हे त्या म्हणायचं म्हणून म्हणाल्या असाव्यात असंच मला वाटलं होतं.

मला मेडिसीन वॉर्ड मिळाला होता. चौथ्या आठवड्यात नाईटला पक्षाघात झालेले एक आजोबा आले. गिळता येत नव्हतं, म्हणून राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी नळी, टाकायची होती. मी नाकापासून कानाची पाळी, तिथून छातीच्या हाडाचं खालचं टोक असं माप घेतलं, नळी टाकली, नाकाशी चिकटपट्टी लावली. मग नळी जठरात पोचली का ते बघायला, कॉलेजात शिकवलं होतं तसं, सिरिंजने तिच्यात हवा सोडली आणि पोटाच्या वरच्या भागावर स्टेथोस्कोप ठेवला. फुस्स असा स्वच्छ आवाज आला. मी चार्टवर लिहिलं, ‘ट्यूब पोझिशन चेक्ड’.

माझ्याबरोबरची सिस्टर दुसऱ्या हॉस्पिटलमधून आलेली होती. फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, तयार करता करता तिने विचारलं, “पीएच किती आला?” पीएच म्हणजे नळीतून ओढलेला द्रव किती आम्ल आहे याचा आकडा; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त, आणि जठरातला द्रव आम्ल असतो. मी म्हटलं, आवाज ऐकला ना. ती थांबली. “आमच्याकडे आवाजावर फीड सुरू करायला परवानगीच नव्हती गं.” वॉर्डात पीएचच्या पट्ट्या नव्हत्या. तिने ड्युटी डॉक्टरांना फोन केला, फीड थांबवलं आणि एक्स-रे काढून घेतला. नळीचं टोक अन्ननलिकेतच होतं. जठरात पोचलेलंच नव्हतं. फीड सुरू केलं असतं तर ते वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका होता, आणि आजोबांना तर नीट खोकताही येत नव्हतं. नळी पुन्हा टाकली, पुन्हा एक्स-रे झाला, सगळं ठीक झालं. पण तो आवाज मी माझ्या कानांनी ऐकला होता. ते काही केल्या डोक्यातून जाईना.

सकाळी हँडओव्हरनंतर इनचार्ज मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मलाही हेच शिकवलंय. इतकी वर्षं असंच करतोय आपण. बदलायचं तर मला काहीतरी दाखवावं लागेल, आणि मलाही ते वर दाखवावं लागेल. शोधून आण, मग बोलू.”

नाईट उतरल्यावर झोप लागली नाही. मोबाइलवर शोधायला बसले. पहिल्याच पानावर हवा सोडून आवाज ऐकायचा कसा याचे व्हिडिओ, त्याच्याच खाली हे अजिबात करू नका म्हणणारी पानं, आणि मधे कुठल्या कुठल्या क्लासच्या नोट्स. कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय, कशावरून लिहिलंय, काही कळायला मार्ग नव्हता. दोन तास गेले आणि हातात फक्त दोन्ही बाजूंची मतं होती. तेव्हा ती चिठ्ठी आठवली.

दुसऱ्या दिवशी ड्युटीच्या तासभर आधी ग्रंथालयात गेले. दोन रेसिडेंट डॉक्टर एका टेबलावर वाचत होते. मी युनिफॉर्ममध्ये दाराशीच उभी राहिले. मॅडमनी पाहिलं, समोरची खुर्ची ओढून दिली. “बसा सिस्टर. काय अडलंय?”

मी आजोबांच्या नावापासून आणि बेड नंबरपासून सुरुवात केली. त्यांनी लगेच हात वर केला. “नाव नको. बेड नंबर पण नको. पेशंटची ओळख वॉर्डातच राहू दे, इथे फक्त प्रश्न आणायचा.” हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं की मला ओशाळायलाही झालं नाही. आता मी नवीन येणाऱ्या मुलींना पहिली गोष्ट हीच सांगते.

मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि चार रकाने आखले. पेशंट कोण, करायचं काय, त्याची तुलना कशाशी, आणि शेवटी आपल्याला कळायला काय हवंय. या पद्धतीला पिको म्हणतात, 1995 पासून ती डॉक्टर-नर्सेसना शिकवली जाते, हे नंतर कळलं. त्या वेळी मला तो कागदच नवीन होता. मी म्हणत होते, “ट्यूब बरोबर आहे का ते कसं बघायचं?” त्या एकेक विचारत गेल्या. मोठी माणसं की लहान मुलं? नळी टाकल्यावर पहिल्यांदा तपासायची की रोज फीडच्या आधी? आवाजाची तुलना कशाशी? बरोबर कशाला म्हणायचं, म्हणजे शेवटचा निवाडा कशाचा? तो एक्स-रेचा, हे मला माहीत होतं, पण असं शब्दांत कधी मांडलं नव्हतं. वीस मिनिटांनी कागदावर प्रश्न उभा राहिला: नाकातून जठरात नळी टाकलेल्या मोठ्या माणसांमध्ये, नळीचं टोक जठरात आहे हे ओळखायला पोटावरचा आवाज आणि बाहेर आलेल्या द्रवाचा पीएच यांपैकी कशावर जास्त विसंबता येतं, एक्स-रे प्रमाण धरून?

एवढं होईपर्यंत त्यांनी कॉम्प्युटरला हातही लावला नव्हता.

मग पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची, उघडलं. मला म्हणाल्या, “तुम्ही टाइप करा.” मी ‘राइल्स ट्यूब’ टाकलं. आम्ही वॉर्डात दिवसातून वीस वेळा हाच शब्द म्हणतो. निकाल आले, पण मोजकेच, आणि माझ्या प्रश्नाला लागू पडेल असं त्यात जवळजवळ काही नव्हतं. जिथे साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत तिथे माझ्या रोजच्या कामाबद्दल काहीच नसावं याचं मला वाईटच वाटलं. मॅडम म्हणाल्या, “आहे, भरपूर आहे. तुमचा शब्द वेगळा आहे.” राइल हे एका ब्रिटिश डॉक्टरांचं नाव, त्यावरून आपण ती नळी ओळखतो. लेख लिहिणारे ‘नेझोगॅस्ट्रिक ट्यूब’ लिहितात, कुणी ‘फीडिंग ट्यूब’, कुणी ‘एन्टरल ट्यूब’, कुणी नुसतं ‘एनजी’.

यावरचा उपाय अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने 1960 मध्येच काढून ठेवला आहे. लेखकाने कुठलाही शब्द वापरू दे, एका विषयाच्या सगळ्या लेखांना एकच ठरलेला मथळा द्यायचा. या मथळ्यांच्या यादीला मेश म्हणतात. आमच्या नळीचा मथळा निघाला ‘इन्ट्युबेशन, गॅस्ट्रोइन्टेस्टिनल’. हा शब्द मला जन्मात सुचला नसता. मॅडमनी एका चौकटीत तो मथळा लिहिला, त्याखाली वॉर्डातले आणि पुस्तकातले सगळे शब्द. दुसऱ्या चौकटीत आवाज ऐकण्याचे शब्द, त्यातच पीएचचे. एका चौकटीतल्या शब्दांमध्ये ‘ऑर’, दोन चौकटींच्या मधे ‘अँड’. मथळ्यावरच थांबायचं नाही हेही त्यांनी सांगितलं, कारण पबमेडमधल्या सगळ्याच लेखांना मथळा लागलेला नसतो. म्हणून साधे शब्दही बरोबर ठेवायचे. शब्दाच्या शेवटी चांदणी टाकली की त्याची सगळी रूपं येतात, हेही तेव्हाच शिकले.

आता यादी आली. मी उत्साहात डाव्या बाजूच्या ‘मोफत पूर्ण लेख’ या चौकोनात खूण केली, कारण मला वाचायला मिळेल तेच हवं होतं. यादी एकदम आखडली. मॅडमनी खूण काढून टाकली आणि गायब झालेल्यांपैकी एका लेखावर बोट ठेवलं. “हा गेला असता. आधी काय काय आहे ते सगळं बघा. मिळवायचं कसं ते माझं काम.”

तो लेख 1990 चा होता. ‘नर्सिंग रिसर्च’ नावाच्या नियतकालिकातला, नॉर्मा मेथेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. मेथेनी या स्वतः नर्स. विषय नेमका माझाच: पोटावर आवाज ऐकून नळीचं टोक कुठे आहे ते ओळखता येतं का? उत्तर, नाही, विसंबण्यासारखं येत नाही. नळी फुफ्फुसात किंवा अन्ननलिकेत असली तरी हवेचा आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो.

मी ते साल पुन्हा पाहिलं. 1990. माझ्या जन्माच्याही आधीचं. म्हणजे मी शाळेत जायच्या आधी, नर्सिंगला प्रवेश घ्यायच्या आधी, ती सिरिंज हातात धरायच्या कितीतरी आधी एका नर्सने हा प्रश्न विचारला होता, तपासला होता आणि छापून ठेवला होता. आणि मला वर्गात शिकवला गेला तो आवाजच. परीक्षेत मी तो लिहिला आणि मला त्याचे मार्क मिळाले. मला कॉलेजचा राग आला, आणि मी तो लपवत नाही. शिकवणाऱ्यांनी प्रेमाने शिकवलं, पण त्या जुन्या पानाकडे परत कुणी बघितलं नव्हतं.

पुढचं भराभर सापडत गेलं. 2005 मध्ये ब्रिटनच्या नॅशनल पेशंट सेफ्टी एजन्सीने तिथल्या रुग्णालयांना इशारा दिला होता: आवाजाची पद्धत वापरू नका, नळीतून द्रव ओढून पीएच पट्टीवर तपासा, 5.5 किंवा त्याहून कमी असेल तरच पुढे जा, खात्री नसेल तर एक्स-रे. चुकीच्या जागी गेलेली नळी लक्षात न येता वापरली जाणं हे 2009 पासून इंग्लंडमध्ये ‘कधीच घडता कामा नये’ अशा घटनांच्या यादीत आहे. संशोधनांचे एकत्रित आढावे ठेवणाऱ्या कॉक्रेन लायब्ररीत 2017 चा एक आढावा मिळाला, अल्ट्रासाऊंडने नळी तपासण्याबद्दलचा. एकट्या अल्ट्रासाऊंडवर भिस्त ठेवण्याइतकी अचूकता नाही, पण एक्स-रे सहज मिळत नाही तिथे चुकीची नळी ओळखायला तो उपयोगी पडू शकतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

दोन लेख आमच्या ग्रंथालयात नव्हते. मॅडमनी दुसऱ्या ग्रंथालयाकडे मागणी टाकली आणि दोन दिवसांनी ते माझ्या मेलवर आले. मला एक पैसाही पडला नाही. आदल्या महिन्यात अशाच एका लेखासाठी कार्डाने पैसे भरायला निघालेली मैत्रीण आठवली आणि तिला त्याच रात्री फोन केला.

लेख वाचणं मात्र जड गेलं. मी आधी नुसता सारांश वाचला आणि झालं असं म्हटलं. मॅडमनी विचारलं, “पेशंट कोण होते यात? तुमच्यासारखे आहेत का?” मग परत पद्धतीचा भाग उघडला. तिथे एक गोष्ट लागली जी सारांशात मी वाचून सोडून दिली होती: आम्ल कमी करणारी औषधं चालू असतील किंवा नुकतंच फीड दिलं असेल, तर नळी जठरात असूनही पीएच वर चढतो. आमच्या वॉर्डात पॅन्टोप्राझोल, म्हणजे असलंच एक औषध, कुणाला चालू नसतं? ही ओळ माझ्याकडून सुटली असती तर मी पट्ट्या आणवल्या असत्या आणि आठवड्यात सगळ्यांनी म्हटलं असतं, हे काही आपल्याकडे चालत नाही.

एका संध्याकाळी काम आटोपल्यावर मॅडमनी मागच्या कपाटातून एक जाडजूड बांधीव खंड काढून दाखवला. इंडेक्स मेडिकस. जगभरातल्या वैद्यकीय लेखांची ही छापील सूची 1879 मध्ये जॉन शॉ बिलिंग्ज या अमेरिकी लष्करी सर्जननी सुरू केली. 2004 पर्यंत ती छापली जात होती. मॅडम त्यांच्या शिक्षणाच्या वेळी यातच शोधायला शिकल्या. पबमेड 1997 पासून सगळ्यांना मोफत खुलं झालं, त्याआधी असे खंड उपसायचे. पान बायबलच्या कागदासारखं पातळ, अक्षर इतकं बारीक की मी खिडकीपाशी नेऊन वाचलं. इतक्या लोकांनी इतकी वर्षं बसून हे एकेक लिहून ठेवलं, कुणीतरी कधीतरी येऊन शोधेल म्हणून. मला भरून आलं.

ग्रंथालयाचा सगळा उपयोग असा निवांत नसतो, हेही सांगायला हवं. एका नाईटला फिटचं औषध फेनिटॉइन द्यायचं होतं आणि चालू असलेली सलाईनची बाटली डेक्स्ट्रोजची, म्हणजे साखरेच्या पाण्याची होती. चिठ्ठीवरच्या त्याच लॉगिनने वॉर्डच्या कॉम्प्युटरवर औषधांचा डेटाबेस उघडला. मिनिटभरात दिसलं की डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे कण तयार होतात, नॉर्मल सलाईनच हवं. फार्मसीला फोन करून खात्री केली आणि मगच दिलं. अशा वेळी पबमेडमध्ये लेख चाळत बसायचं नसतं. तातडीचं असेल तर आधी सीनियर, फार्मासिस्ट आणि वॉर्डचा प्रोटोकॉल. मॅडमच हे बजावतात. पेशंटचे नातेवाईक माहिती मागायला येतात तेव्हाही त्या विश्वासार्ह माहितीपत्रकं देतात, पण ‘आमच्या पेशंटला हे लागू आहे का’ याचं उत्तर देत नाहीत. ते डॉक्टरांनाच विचारायला सांगतात.

कपाटांची ओळख व्हायला मला महिना लागला. नर्सिंगची पुस्तकं ‘डब्ल्यू वाय’ या खुणेखाली, औषधशास्त्र ‘क्यू व्ही’खाली. ही नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचीच वर्गवारी, त्यामुळे उद्या दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये गेले तरी बहुतेक त्याच खुणा भेटतील. पुस्तक उचललं की आधी आवृत्तीचं साल बघायचं, ही सवय मात्र त्या 1990 नेच लावली.

इनचार्ज मॅडमसमोर मी दोन पानं ठेवली. पहिल्या पानावर प्रश्न, काय सापडलं, आणि आमच्या वॉर्डात काय अडेल ते. दुसऱ्या पानावर करायचं काय. पट्ट्या लागतील. लिटमस चालणार नाही, कारण ते आम्ल आहे की नाही एवढंच सांगतं, किती ते सांगत नाही. द्रव आला नाही तर पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं. नळी मोकळी करायला थोडी हवा सोडायची, आवाजासाठी नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा ओढायचं. पीएच 5.5 च्या वर असेल तर डॉक्टरांना कळवायचं आणि फीड थांबवून ठेवायचं. नळीवरची नाकाशी असलेली सेंटिमीटरची खूण प्रत्येक पाळीत लिहायची. त्यांनी शांतपणे वाचलं, पॅन्टोप्राझोलच्या ओळीखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, “हे बरं लिहिलंस. पहिला आक्षेप हाच येणार होता.”

आक्षेप आलाच, आणखीही आले. स्टोअरला पट्ट्या नव्हत्या, खरेदीचा कागद फिरला, कमिटीची एक बैठक पुढे ढकलली गेली. चार महिने लागले. त्या चार महिन्यांत आवाजावर फीड सुरू करायचं नाही, पहिला एक्स-रे हवाच, एवढं इनचार्ज मॅडमनी त्यांच्या अधिकारात वॉर्डापुरतं ठरवून टाकलं होतं.

पट्ट्या आल्या त्या दिवशी मी ग्रंथपाल मॅडमना फोन करून वॉर्डात बोलावलं. पेशंट एक आजी होत्या. शुद्धीवर होत्या, त्यांनी मान हलवून परवानगी दिली. मोठ्या सिरिंजने हळूच ओढलं, गढूळ हिरवट असा जेमतेम एक मिली द्रव आला. दोन थेंब पट्टीवर टाकले, थांबले, डबीवरच्या रंगांशी लावून पाहिलं. चार. शेजारच्या सिस्टरने बघितलं, तीही चार म्हणाली. मी चार्टवर आकडा, वेळ आणि सेंटिमीटरची खूण लिहिली आणि फीड जोडलं.

मॅडम बेडच्या पायथ्याशी हात मागे बांधून उभ्या होत्या. आजींच्या नाकापासून सिरिंजपर्यंत त्यांनी नळी नजरेने दोनदा पाहिली.

“इतकी वर्षं नळीवरचे लेख शोधून देते मी,” त्या हळूच म्हणाल्या. “हीच का ती राइल्स ट्यूब?”